फ्युचरामाचे चार सिनेमे: जोड कुठं दिसतो?

शेंगाचटणी_३०००

मंडळी, फ्युचरामा या अमेरिकन कार्टून मालिकेवर इथं अधूनमधून प्रतिसाद पडतात, पण चार लांब सिनेमांवर अख्खा धागा कुणी काढलेला मला तरी सापडला नाही. म्हणून काढतोय. ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी इथूनच मागं फिरा. कथा फोडल्याशिवाय मला बोलता येणार नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. फ्राय हा पिझ्झा पोचवणारा पोरगा गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो; तिथं बेंडर हा रोबो त्याचा दोस्त, लीला आणि प्रोफेसर फार्न्सवर्थ त्याच्या कंपनीतले. मालिका फॉक्सवर २८ मार्च १९९९ ला सुरू झाली आणि ऑगस्ट २००३ मध्ये गाशा गुंडाळला. नंतर रात्रीच्या पुनःप्रक्षेपणात आणि डीव्हीडीवर ती इतकी चालली की थेट डीव्हीडीसाठी चार सिनेमे काढायचं ठरलं. 'बेंडर्स बिग स्कोर' (नोव्हेंबर २००७), 'द बीस्ट विथ अ बिलियन बॅक्स' (जून २००८), 'बेंडर्स गेम' (नोव्हेंबर २००८) आणि 'इनटू द वाइल्ड ग्रीन यॉन्डर' (फेब्रुवारी २००९). मेख अशी, की प्रत्येक सिनेमाचे चार तुकडे करून ते कॉमेडी सेंट्रलवर एपिसोड म्हणून दाखवायचे होते. सोळा भागांचा पाचवा सीझन तो हाच. म्हणजे लेखकाला दीड तासाचा सिनेमाही लिहायचाय आणि त्याच कागदावर बावीस-बावीस मिनिटांचे चार एपिसोडही.

तेव्हा माझी कसोटी एकच. सलग बघताना जोड जाणवतो का?

बिग स्कोरमध्ये जाणवत नाही. कालप्रवासाची गोष्ट असल्यामुळं मागंपुढं उड्या मारणं हाच तिचा धर्म. फ्रायच्या ढुंगणावरच्या बेंडरच्या गोंदणात कालप्रवासाचा कोड दडलेला असतो, तो नागड्या ठगांच्या हाती लागतो, ते बेंडरला भूतकाळात पाठवून जगातले खजिने चोरून आणतात. यात मध्येच कुठं भाग संपला तरी प्रेक्षकाला वाटतं, असंच असणार. उलट गेममध्ये अर्धा सिनेमा इंधनटंचाईचा आणि उरलेला तलवारी-जादूचा. दोन वेगळ्या गोष्टी एका पाकिटात.

माझा क्रम: बिग स्कोर, यॉन्डर, बीस्ट, गेम. या, हाणा.

बिनधास्त_बेंडर

काय बोललालास बे. गेम शेवटी? बेंडरच्या डोक्यात कल्पनाशक्तीच नाही म्हणून तो पोरांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कल्पनेच्या खेळात बसतो, आणि मग कल्पनाशक्ती इतकी फुटते की थेट वेड्या रोबोंच्या इस्पितळात भरती. तिथं त्याचं नाव टायटॅनियस अँगलस्मिथ! याच्यापुढं बाकीचे तीन पाणी भरतात.

कडकभाकरी

माझा बिग स्कोरवर जुना राग आहे आणि तो सीमोरवरून आहे.

'जुरासिक बार्क' आठवा. २००२ चा एपिसोड. फ्राय गोठतो आणि त्याचा कुत्रा पिझ्झाच्या दुकानासमोर बारा वर्षं वाट बघत बसतो. उन्हात, पावसात, बर्फात. आपल्याला शेवटी कळतं, फ्रायला कधीच कळत नाही. आमच्या घरी तेव्हा मोत्या होता, म्हणून तो एपिसोड मी पुन्हा लावत नाही, असो. आणि पाच वर्षांनी सिनेमा काय सांगतो? की फ्रायची एक प्रत २००० सालात परत गेली होती आणि ती २०१२ पर्यंत सीमोरबरोबरच राहिली. म्हणजे कुत्रा सुखात होता. रडलात ते उगाच रडलात!

ही लेखकाची दया नाही, पळवाट आहे. प्रेक्षकांनी रडारड केली म्हणून दुखरी जागा बुजवून टाकली.

शेंगाचटणी_३०००

@कडकभाकरी, बुजवली कुठं? वाट बघणं पुसलं नाही. तो फ्राय मत्स्यालयात नोकरी धरतो, लीलू नावाच्या नारव्हालच्या, म्हणजे लांब सुळ्याच्या समुद्री सस्तन प्राण्याच्या, मायेत पडतो, ती समुद्रात सोडली गेल्यावर तिच्यामागं बोटीवर जातो. तेवढा सगळा काळ कुत्रा दारातच बसणार की. शिवाय सीमोर जातो कसा, तेही बघा. बेंडर त्या फ्रायला मारायला येतो आणि घरच उडवतो. 'बार्क'मध्ये दगड झालेला जो कुत्रा सापडतो तो तसा का झाला, त्याचं उत्तर आहे ते. याला सुखान्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कडकभाकरी

स्पष्टीकरण जुळतं हो. पण मला स्पष्टीकरण नकोच होतं. त्या एपिसोडची ताकद यात होती की बारा वर्षं बसलेल्या जिवाला शेवटपर्यंत कुणी भेटलं नाही. आता मागं कुणीतरी भेटत होतं हे डोक्यातून जात नाही.

यंत्रमाग

वाचतोय. संध्याकाळी निवांत लिहितो.

नवीपेठकर

मी यातलं काही बघितलेलं नाही आणि तरी सगळं वाचतोय, यावरून माझ्या रविवारची कल्पना यावी. एक शंका. हे ठग नागडे का आहेत?

बिनधास्त_बेंडर

@नवीपेठकर कारण ते नागड्यांच्या बीचवर राहणारे आहेत. यापलीकडं कारण विचारू नका, आम्हीपण विचारलं नाही.

शेंगाचटणी_३०००

@नवीपेठकर, त्यांचा धंदा मात्र आपल्या ओळखीचा आहे. ईमेलमधून गोड बोलून माहिती काढायची. प्रोफेसर फार्न्सवर्थ दीडशेच्या पुढचा म्हातारा, जे येईल ते उघडतो, जिथं मागतील तिथं सही करतो आणि अख्खी कंपनी घालवून बसतो. २००७ साली हे बघून मी हसलो होतो. गेल्या वर्षी आमच्या अण्णांना 'तुमचं केवायसी संपलंय' असा फोन आला आणि ते ओटीपी सांगायच्या बेतात होते, तेव्हा मला त्या ठगांचा म्होरक्या नूडार आठवला. हसू आलं नाही.

गणितवाली

मला वाटलं होतं हा धागा मी टाळू शकेन. पण बिग स्कोरचं नाव निघालं आणि टॅक्सीचं निघालं नाही, हे कसं चालेल?

रामानुजन आणि हार्डी यांची टॅक्सी सगळ्यांना माहीत आहे. हार्डी आजारी रामानुजनना भेटायला १७२९ नंबरच्या टॅक्सीनं गेले, म्हणाले नंबर नीरस होता, आणि रामानुजन अंथरुणातूनच म्हणाले की छे, दोन घनांची बेरीज दोन प्रकारांनी देणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. १ आणि १२ चे घन, किंवा ९ आणि १० चे. फ्युचरामावाल्यांनी हा आकडा मालिकेभर पेरलाय. कॅप्टन झॅपच्या निंबस जहाजाचा क्रमांक बीपी-१७२९ आहे. बेंडर हा रोबो बनवणाऱ्या मॉम या उद्योजक बाईच्या कारखान्याचा १७२९ वा मुलगा.

बिग स्कोरमध्ये ते एक पायरी वर गेले. तिथं एका टॅक्सीच्या टपावर ८७५३९३१९ असा नंबर आहे. घाई असलेल्यानं कागद-पेन घेऊ नये: १६७ आणि ४३६ चे घन, २२८ आणि ४२३ चे, २५५ आणि ४१४ चे. तीन प्रकारांनी तीच बेरीज, आणि अशी ही सर्वांत लहान संख्या. पडद्यावर ती क्षणभर दिसते. मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिली होती तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एकानं कॅल्क्युलेटर काढून तिन्ही बेरजा तपासल्या आणि 'मॅडम, तिसरी पण बरोबर आहे' असं जाहीर केलं, जणू मी फसवायला बसले होते.

हा सिनेमा केन कीलर यांनी लिहिलाय आणि त्यांची हार्वर्डची उपयोजित गणितातली डॉक्टरेट आहे. कालप्रवासाचे नियम त्यांनी नीट बसवलेत. विरोधाभास झाला की विश्व स्वतःच तो मिटवतं, म्हणून प्रत्येक जास्तीची प्रत मरणार. एवढा एक नियम धरून ठेवला की लार्सनं लग्नमंडपातून पळ का काढला ते आपोआप समजतं. माझ्यासाठी पहिला क्रमांक इथंच नक्की होतो.

अक्कलकोट_रोड

ताई, लार्सबद्दल अजून. लीला ज्याच्या प्रेमात पडते तो लार्स म्हणजे फ्रायचीच ती प्रत. केस जळालेले, आवाज बसलेला, बारा वर्षांनी मोठा. म्हणजे लीलाला फ्राय नको होता, थोडा शहाणा झालेला फ्राय हवा होता. आणि तो शहाणा झाला कुणामुळं, तर एका मुक्या माशामुळं. हे मला कुठल्याही विज्ञानकथेपेक्षा खरं वाटतं. आमच्या मित्रांत असे दोघंतिघं लार्स आहेत, लग्नानंतर झालेले.

गणितवाली

नारव्हाल मासा नाही. बाकी सहमत.

यंत्रमाग

आलो.

धागाकर्त्यांची जोडाची कसोटी मला पटली, पण त्यांनी ती अर्धीच लावली. आमच्याकडं मागावर दोरा तुटला की गाठ मारतात. दोरा तुटणारच, त्यात कमीपणा नाही. कामगार चांगला असेल तर चादर उलटी केल्याशिवाय गाठ सापडत नाही. तर गाठ आहे की नाही हा प्रश्न नाहीच, ती वरच्या बाजूला आलीय का एवढंच बघायचं.

ती वर का आली हे बघायचं तर लेखकांची नावं बघा. बिग स्कोर आणि यॉन्डर, दोन्ही कीलरचे. बीस्ट एरिक कॅप्लनचा. गेम मात्र बऱ्याच जणांनी वाटून घेतलाय. डेमोलिशन डर्बी, लीलाच्या गळ्यातला शॉक देणारा पट्टा, मॉमची खाण, मग कॉर्नवुड हे जादूचं जग. प्रत्येक तुकडा वेगळ्या हातचा वाटतो. तुकडे वाईट नाहीत. लीला घोड्याच्या धडाची शांतिवादी सेंटॉर होते आणि तिला मारामारी करता येत नाही म्हणून तडफडते, हे फार छान. पण पट्ट्याची गोष्ट आणि सेंटॉरची गोष्ट एकाच धाग्यातली आहे हे प्रेक्षकाला स्वतः जोडून घ्यावं लागतं. लेखकानं जोडून दिलं असतं तर हा सिनेमा दुसऱ्या नंबरवर असता.

आणि आता बॉम्ब टाकतो. बीस्ट तिसरा नाही. बीस्ट पहिला.

बिनधास्त_बेंडर

अण्णा काय पिऊन आलाव?

शेंगाचटणी_३०००

@यंत्रमाग, बीस्ट पहिला? त्यात तर जोडच जोड! आधी दुसऱ्या विश्वाची फट, मग सोंडांचा हल्ला, मग धर्म, मग अख्ख्या विश्वाची एका जिवाशी डेटिंग, मग स्वर्ग. दर वीस मिनिटांनी नवा सिनेमा.

यंत्रमाग

तसंच दिसतं. पण पहिल्या प्रसंगापासून शेवटापर्यंत प्रश्न एकच आहे: प्रेम वाटून घेता येतं का?

बघा. फ्राय कोलीनच्या प्रेमात पडतो, तिच्या घरी राहायला जातो आणि कळतं की तिचे आणखी चार मित्र आहेत. त्याला झेपत नाही. तिकडं फ्रायची सहकारी अ‍ॅमी आणि झॅपच्या हाताखालचा किफ यांचं लग्न होतं, किफ मरतो, अ‍ॅमी दुःखात झॅपच्या गळ्यात पडते. मग यीव्हो येतो. ग्रहाएवढा जीव, विश्वातल्या प्रत्येकाच्या मानेत एक सोंड खुपसलेली आणि सगळ्यांवर सारखं प्रेम. जो फ्राय चार मित्र सहन करू शकला नाही तोच याचा धर्मगुरू होतो! आणि बेंडर? त्याला फ्रायचं लक्ष हवंय, बाकी काही नको. त्या एका मत्सरापायी तो रोबोट डेव्हिलकडून शापित रोबोंची फौज आणतो आणि सगळ्यांना त्या स्वर्गातून ओढून काढतो. शेवटी म्हणतो की मत्सर नसेल ते प्रेमच नव्हे. हा माणूस म्हणजे रोबो चोर आहे, खोटारडा आहे, आणि इथं त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

ज्या कॅप्लननं हा लिहिला त्यानंच 'जुरासिक बार्क' लिहिलाय. @कडकभाकरी, तुमच्या सीमोरचा खरा बाप तो. बिग स्कोरमध्ये कीलरनं सीमोरला माणूस परत दिला. कॅप्लनच्या स्वतःच्या सिनेमात मात्र शेवटी कुणालाच कुणी पुरतं मिळत नाही. किफ जिवंत होतो तो अ‍ॅमीनं काय केलं ते ऐकायला. कोलीन यीव्होबरोबर निघून जाते. फ्राय होता तिथंच.

कडकभाकरी

थांबा. 'बार्क'चा आणि बीस्टचा लेखक एकच, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आज रात्री परत बघते. सोंडांमुळं मी तो अर्ध्यात सोडला होता.

नवीपेठकर

अर्ध्यात सोडण्यासारख्या सोंडा आहेत का? घरात आई असते.

अक्कलकोट_रोड

@नवीपेठकर, आई असताना नको. यीव्होच्या सोंडांबद्दल पुढं एक खुलासा होतो, तो आईसमोर होऊ नये.

बीस्टमधला डेथबॉलचा सामना कुणी काढला नाही अजून. फटीपलीकडच्या मोहिमेवर कुणी जायचं, फार्न्सवर्थनं की त्याच्या प्रतिस्पर्धी वर्नस्ट्रॉमनं, हे ठरवायला दोन म्हाताऱ्या शास्त्रज्ञांचे संघ एकमेकांवर गोळे सोडतात. शिष्यवृत्ती, संशोधन, समिती, सगळं एका मैदानात. पीएचडी करणाऱ्यांनी हा तुकडा वेगळा काढून ठेवावा. आणि स्टीफन हॉकिंग स्वतःच्या आवाजात येऊन जातात, तेही शिष्टपणा न करता.

शेंगाचटणी_३०००

यंत्रमाग अण्णा, तुमचा मुद्दा तगडा आहे, तरी मी पहिला नंबर देणार नाही. विषय एक असला म्हणून वेग एक होत नाही. सोंडांच्या हल्ल्यानंतर सिनेमा बसतो. धर्माचा भाग लांबलाय, विनोद विरळ झालेत. सलग बघताना मी घड्याळ बघितलं ते फक्त बीस्टमध्ये आणि गेममध्ये.

यंत्रमाग

घड्याळ तुमचं, मी काय बोलणार.

बिनधास्त_बेंडर

गेमवर कुणीतरी चांगलं बोला रे.

गणितवाली

मी बोलते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा एक निर्माता गॅरी गायगॅक्स मार्च २००८ मध्ये गेला. मालिकेत तो पूर्वी स्वतःचा आवाज देऊन गेला होता. गेम त्याला अर्पण केलाय आणि शेवटी त्याची ती जुनी झलक दिसते. विडंबन असूनही ज्याची टर उडवली त्या खेळावर या लोकांचं प्रेम आहे हे तिथं कळतं. टर उडवायची तर अशी.

आणि इंधन. त्यातलं डार्क मॅटर म्हणजे लीलाच्या पाळीव निबलरची विष्ठा. पुरवठा मॉमच्या हातात, भाव मॉमच्या मनावर. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं आणि चार महिन्यांनी हा सिनेमा आला. सिनेमाचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं. योगायोग म्हणा, पण सोलापुरातल्या सात रस्त्यावरच्या पंपाच्या रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला मॉम लगेच कळते.

बिनधास्त_बेंडर

ताई दंडवत. मॉम आणि प्रोफेसरचं लफडं, इग्नर कुणाचा पोरगा ते, हेपण सांगा ना.

गणितवाली

तुम्हीच सांगितलंत की.

अक्कलकोट_रोड

यॉन्डरचं काय? सगळे दुसऱ्या नंबरवर ठेवताय आणि कुणी काही बोलत नाहीये. पुरस्काराचं बोलायचं तर बिग स्कोरला, बीस्टला आणि यॉन्डरला अ‍ॅनी पुरस्कार आहेत. घरबसल्या बघायच्या अ‍ॅनिमेशनचा जो विभाग असतो त्यात. गेमला नाही. (बेंडरभाऊ, मारू नका.)

यॉन्डरमध्ये अ‍ॅमीचा बाप लिओ वाँग जुनं मार्स व्हेगस सुरुंगानं पाडतो आणि नवं बांधतो. तेवढ्यावर भागत नाही म्हणून विश्वाएवढं मिनी गोल्फ मैदान काढतो, आणि मैदानाच्या वाटेत येणारे ग्रह-तारे उडवायला निघतो. एका व्हायलेट ड्वार्फ ताऱ्याजवळ सगळं अडतं, कारण तिथं जीव आहे. लीला पर्यावरणवादी बायकांच्या टोळीत जाते, बेंडर पोलिसांच्या बाजूनं, झॅप निंबस घेऊन मागं. दोन्ही बाजूंनी नुसती आरडाओरड, आणि मधोमध तो तारा, जो खरं तर एक अंडं आहे.

२०२३ च्या जूनमध्ये सोलापुरातल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची विमानांच्या वाटेत येणारी चिमणी पाडली त्या दिवशी आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंचे लोक एकाच टपरीवर उभे राहून मोबाइलवर तो एकच व्हिडिओ बघत होते. एकीकडं विमानतळ पाहिजे, दुसरीकडं शेतकऱ्यांचा ऊस. मला तेव्हा यॉन्डरच

नवीपेठकर

चिमणी पाडली ते योग्यच झालं. विमान नको का सोलापूरला?

बिनधास्त_बेंडर

योग्य काय त्यात? गाळपाचं काय झालं विचारा शेतकऱ्याला.

नवीपेठकर

विचारलंय. आमचाही ऊस आहे.

चावडीप्रमुख

चिमणीवर स्वतंत्र धागा आहे, तो सध्या कुलूपबंद आहे आणि का कुलूपबंद आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथं फक्त फ्युचरामा. वरचे चार प्रतिसाद ठेवलेत, पाचवा उडवलाय.

अक्कलकोट_रोड

माझं वाक्य अर्धं राहिलं, त्यातच धागा पेटला. काय म्हणत होतो, यॉन्डरमध्ये कुठलीच बाजू स्वच्छ दाखवलेली नाही. फ्रीडा वॉटरफॉल आणि तिची टोळीही हास्यास्पद, लिओही. ज्याला लपलेला काळोखा शत्रू म्हणून शोधतायत तो निघतो मंगळावरची एक जळू, जिला वाचवायला लीला आधीपासून धडपडत असते. म्हणजे हळवेपणाचीही टर आहे त्यात. एवढं धाडस बाकीच्या तिघांत दिसत नाही.

शेंगाचटणी_३०००

पटलं. आणि त्याचा शेवट! सिनेमा लिहिताना पुढं मालिका येणार की नाही हे ठरलेलं नव्हतं. म्हणून कीलरनं तो शेवटचा म्हणूनही चालेल असा लिहिला. पाठलागात जहाज वर्महोलच्या तोंडाशी येतं. आत गेलं तर कुठं निघेल, निघेल तरी का, कुणाला माहीत नाही. तिथं फ्राय आणि लीला एकमेकांना अखेर बोलून टाकतात, आणि सगळे आत घुसतात. संपलं. पुढं जून २००९ मध्ये २६ नव्या भागांची घोषणा झाली आणि २०१० च्या जूनमध्ये मालिका परतली, ती गोष्ट वेगळी.

गंमत बघा, २००३ चा निरोपाचा भाग कीलरचा, यॉन्डर कीलरचा, २०१३ चा 'मीनव्हाइल' पण कीलरचाच. मालिका बंद पडायची वेळ आली की याला बोलावत असणार. आणि दर वेळी त्यानं फ्राय-लीलाला वेगळ्या वाटेनं एकत्र आणलंय. म्हणूनच यॉन्डर मी गेमच्या शेजारी ठेवूच शकत नाही.

कडकभाकरी

बीस्ट बघितला. आत्ता संपला, पावणेदोन वाजलेत.

यंत्रमाग काका, तुमच्याशी निम्मी सहमत. डेटिंगचा भाग मला आवडला. अख्खं विश्व एका जिवाशी ब्रेकअप करायला जातं आणि शब्द सापडत नाहीत म्हणून अडखळतं, तिथं मी मोठ्यानं हसले आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली. पण अ‍ॅमीचं जे केलंय ते मला पचलं नाही. नवरा गेल्यावर तिला झॅपकडं ढकलायचं, ते विनोद म्हणून वापरायचं, आणि किफ परत आल्यावर दोघांचं बोलणं घाईत उरकायचं. 'बार्क' लिहिणाऱ्यानं कुत्र्याच्या बारा वर्षांना जितका वेळ दिला त्याच्या चौथाईसुद्धा अ‍ॅमीच्या दुःखाला दिला नाही.

यंत्रमाग

यावर माझ्याकडं उत्तर नाही. झॅप आला की लेखकांचा हात सुटतो, हे मालिकाभर आहे.

गणितवाली

कडकभाकरी, अगदी. लीलाचा राग गेममध्ये पट्टा बांधून आवरायचा, अ‍ॅमीचं दुःख बीस्टमध्ये झॅपच्या झोळीत टाकायचं. बायकांच्या बाबतीत या चारांतला त्यातल्या त्यात बरा यॉन्डर. तिथं निदान लीला स्वतः ठरवून पळते, आणि तिच्या मागं अ‍ॅमी आणि लाबार्बराही जातात. ती टोळी हास्यास्पद आहे हे मान्य, पण गोष्ट तीच पुढं नेते.

बिनधास्त_बेंडर

एक तांत्रिक. बिग स्कोर ही फ्युचरामाची पहिली रुंद पडद्याची गोष्ट ना? हॉस्टेलवर आमच्या १७ इंची सीआरटीवर वरखाली काळे पट्टे यायचे, रूममेट म्हणायचा प्रिंट खराब आहे, फाइल परत कॉपी कर. लोडशेडिंगच्या आधी संपवायची म्हणून सहा जण पलंगावर कोंबून बसायचो. यूपीएस ओरडायला लागला की पुढची दहा मिनिटं कुणी श्वास घ्यायचं नाही.

शेंगाचटणी_३०००

हो, पहिलीच. त्याआधीचं सगळं चौकोनी. आणि त्या डीव्हीडीवर 'एव्हरीबडी लव्ह्ज हिप्नोटोड'चा पूर्ण बावीस मिनिटांचा भाग आहे. बावीस मिनिटं एक बेडूक डोळे फिरवतो आणि घूंऽऽऽ करतो. सगळ्या चर्चेत खरा पहिला नंबर त्याचा.

नवीपेठकर

मी यातलं काहीतरी बघायचं ठरवलंय. मालिका न बघता थेट कुठून सुरू करू? आई गावी गेलीय.

गणितवाली

बिग स्कोर नको. त्यात पाच वर्षांची जुनी येणीदेणी आहेत, लार्सचं गुपित उघडेल तेव्हा तुम्हाला 'मग?' असं होईल. सुरुवातीचा चॅनेलवाल्यांवरचा विनोदही डोक्यावरून जाईल. मालिका बंद करणाऱ्या अधिकाऱ्यांची भुकटी करून डब्यात भरलीय, ती नंतर सिनेमाभर कामाला येते. मालिका बंद पडल्याचं दुःख ज्यानं भोगलं नाही त्याला ती भुकटी गोड लागणार नाही.

अक्कलकोट_रोड

यॉन्डरपण नको मग. फ्राय-लीलाची दहा वर्षं माहीत नसतील तर तो शेवट दोन माणसांचा मुका एवढाच उरतो.

यंत्रमाग

बीस्ट. काही माहीत नसलं तरी चालतं. नवरा, बायको, मित्र, मत्सर, सगळं ओळखीचं.

कडकभाकरी

आई खरंच गावी आहे ना, याची खात्री करून घ्या.

बिनधास्त_बेंडर

गेम!!! अंगठी, जादूगार, राक्षस कुणाला माहीत नाही? मालिका बघायची गरजच नाही. उलट नवख्याला गेमच सगळ्यात सोपा. हे धागाकर्त्यानं सांगायला पाहिजे होतं, पण त्याला जोड मोजायचेत.

शेंगाचटणी_३०००

@बिनधास्त_बेंडर, नवख्याला गेम सोपा जाईल हे खरं. पण त्यानं तलवारींची वाट बघत अर्धा सिनेमा इंधनाच्या भावावर काढायचाय. @नवीपेठकर, माझं ऐकाल तर सिनेमे राहू द्या. २००२ चा 'जुरासिक बार्क' लावा, एक एपिसोड, बावीस मिनिटं. पटला तर पहिल्या सीझनपासून या आणि मग बिग स्कोर. नाही पटला तर तुमचा रविवार वाचला.

कडकभाकरी

अहो, नवख्या माणसाला थेट 'बार्क'? दया करा जरा.

नवीपेठकर

लावला. कुत्र्याचा आहे म्हणजे हलकाफुलका असेल ना?

बिनधास्त_बेंडर

हो हो. एकदम हलकाफुलका. बघा तुम्ही.

चावडीप्रमुख

बेंडर, हे बरं नाही.